सात नंबरच्या काठीबद्दलचा खुलासा

नवीन पनवेल,
रविवार, १ फेब्रुवारी २०१५

तीर्थरूप कुमारमामांस,

अनुयाचा साष्टांग नमस्कार. (आठपैकी सात अंगांनी. उजवा हात सध्या जमिनीला टेकत नाही. कारण पुढे येईल.) तुमची प्रकृती बरी असेल असं धरून चालते, कारण विचारायची सोय उरलेली नाही. मामीकडून कळतं की साखर आटोक्यात आहे आणि गुडघा कुरकुरतो. मामी हे फोनवर सांगत असते तेव्हा मागे तुम्ही टीव्हीचा आवाज वाढवता, त्यावरून कान आणि बोटं शाबूत असावीत.

आधी काय झालं ते क्रमाने लिहिते, विशेषणं न लावता. नोकरीत असताना तुम्ही हाताखालच्या लोकांकडून अपघाताचे अहवाल असेच मागायचात, हे तुम्हीच सांगितलेलं आहे.

१. शुक्रवार, २९ ऑगस्ट २०१४. गणपतीचं जेवण, तुमच्या घरी. मी एक वाक्य बोलले.
२. तेव्हापासून आजपर्यंत, म्हणजे १५६ दिवस, तुम्ही माझ्याशी बोललेला नाहीत.
३. रविवार, ७ डिसेंबर, सकाळी पावणेआठ. आमच्या इमारतीच्या गच्चीवर तुमची सात नंबरची काठी मोडली. दांडा माझ्या हातात राहिला, डोकं उडालं.
४. काठीचं डोकं कळंबोलीला गेलं.
५. ते सापडलं.
६. काठी पुन्हा जोडली गेली आहे. ती आता गोल्फची काठी आहे असं मात्र खात्रीने म्हणता येत नाही.
७. रविवार, २५ जानेवारी. त्याच काठीने माझं मनगट लचकलं.
८. जीवितहानी नाही. कमळाबाईंचे बोंबील धरले तर थोडी.

अहवाल संपला. आता खुलासा. हे पत्र माफीचं नाही, ते सात नंबरच्या काठीबद्दल आहे. तुम्ही फोन घेत नाही (अकरा वेळा केला, नऊ वेळा वाजून थांबला, दोनदा तुम्ही ‘राँग नंबर’ म्हणालात, तेही माझं नाव घेऊन), म्हणून कागदावर लिहिते आहे. कागदावरचं तुम्ही वाचता असं मामी म्हणते.

कलम १ पासून सुरुवात करते. जुलैत मला बढती मिळाली तेव्हा तुम्ही तुमचा गोल्फचा जुना संच माझ्या हवाली केलात. बारा काठ्या, एक पिशवी आणि तिच्या कप्प्यात १९९८ सालचं खोकल्याच्या गोळ्यांचं पाकीट. आमच्या कारखान्यातले साहेब लोक गोल्फ खेळतात आणि कामाच्या निम्म्या गोष्टी तिथेच ठरतात, हे मी तुम्हाला तक्रार म्हणून सांगितलं होतं. तुम्ही ती मागणी समजलात. त्या संचातली लाल चिकटपट्टीची सात नंबरची काठी देताना तुम्ही ती दोन्ही हातांनी दिलीत, कारण १९९१ साली खडकीला तिच्या एका फटक्यात तुमचा चेंडू थेट भोकात गेला होता. (ही हकिगत मी एकोणीस वेळा ऐकली आहे. २००४ साली ते अंतर एकशे चाळीस यार्ड होतं. गेल्या वर्षी एकशे पासष्ट झालं. भोक दरवर्षी अडीच यार्ड मागे सरकतं आहे, हे मी निव्वळ नोंद म्हणून लिहिते.)

मग गणपतीच्या जेवणात, सतरा माणसांच्या पंगतीत, तुम्ही जाहीर केलंत की अनुयाला मी चार रविवारांत तयार करतो. आणि मी म्हणाले, “नको मामा. व्हिडिओ बरा. तो ओरडत नाही, एकच गोष्ट कितीही वेळा सांगतो आणि नको झाला की बंद करता येतो.” सगळे हसले. मामी सगळ्यांत जास्त हसली (मामी, तू हसलीस). तुम्ही हातातला मोदक अर्धा ताटात ठेवलात आणि हात धुवायला उठलात. तो तुमचा सातवा होता, त्यामुळे पोट भरलं असेल असा निष्कर्ष मी काढला. निष्कर्ष चुकला हे मला पनवेलची बस खोपोलीच्या पुढे आल्यावर कळलं.

माझी बाजू अशी होती. तुमच्या शिकवण्याचा मला पूर्वानुभव आहे. २००४ च्या मे महिन्यात तुम्ही मला कॉलनीच्या मैदानावर तुमची गियरची स्कूटर शिकवलीत. त्या मैदानाभोवतीच्या क्वार्टर्समधून लोक बाहेर येऊन उभे राहिले होते. “क्लच! अगं क्लच! तो ब्रेक आहे! क्लच काय असतो ते पेट्रोल पंपावर विचारून येऊ का?” एका मावशींनी मला पाणी आणून दिलं आणि तुमच्याकडे अशा नजरेने पाहिलं की तुम्ही स्वतःहून सांगितलंत, भाची आहे माझी. तेव्हा गोल्फ शिकायचा तर शांतपणे आणि मोजून मापून, हा माझा निर्णय अभ्यासाअंती होता. मोजणं हा माझा धंदाच आहे. कारखान्यातले दाबमापक खरं बोलतात की नाही हे तपासून त्यांच्यावर सही करायची, याचा मला पगार मिळतो.

सप्टेंबर ते नोव्हेंबर मी सत्तेचाळीस व्हिडिओ पाहिले. शिकवणारे एकूण अकरा, सगळे टोपीवाले, सगळ्यांचे दात एकसारखे. आमच्याकडचं इंटरनेट असं की गुरुजींनी काठी वर नेली की पडद्यावर गोल चक्र फिरायला लागायचं. मी कुकरच्या दोन शिट्ट्या काढून परत यायचे तरी ते हात वर करून माझी वाट बघत असायचे. (इतका संयम मी आपल्या घराण्यात पाहिलेला नाही.) अडचण वेगळीच होती. अकरा जणांचं एकमेकांशी पटत नव्हतं. एक म्हणतो डावा हात काठीसारखा ताठ, दुसरा म्हणतो दोरीसारखा सैल. एकाचं वजन उजव्या पायावर, दुसऱ्याचं डाव्यावर, तिसरा म्हणतो वजनाचा विचारच करू नका, नदीचा करा. अशा वेळी कोणीही तांत्रिक शिक्षण घेतलेला माणूस जे करेल ते मी केलं. पडदा थांबवून प्रत्येकाचे कोन मोजले, तक्ता केला आणि अकरा जणांची सरासरी काढली. गुडघा एकवीस अंश, पाठ चौतीस, खांदा अठ्ठ्याऐंशी, आणि वजन दोन्ही पायांवर एकदशांश टक्क्यापर्यंत समान.

ही पद्धत दाबमापकांना चालते. माणसांना चालत नाही, हे मला आता ठाऊक आहे. अकरा सुगरणींच्या आमट्या एका पातेल्यात ओतल्या तर सरासरी आमटी होत नाही. पण तेव्हा तक्ता फार देखणा दिसत होता आणि त्याची प्रत मी लॅमिनेट करून गच्चीतल्या पाण्याच्या टाकीवर चिकटवली.

आता जाळं. चेंडू अडवायला गच्चीत जाळं हवं होतं. आमच्या तळमजल्यावरच्या कमळाबाई मूळच्या उरणकडच्या, माहेर-सासर दोन्हीकडे होड्या. त्यांना मी म्हटलं, एखादं जुनं जाळं मिळेल का. त्यांनी भावाकडून आणवलं, मी टाकी आणि अँटेनाच्या खांबामध्ये ते ताणून बांधलं आणि पहिला चेंडू मारला. तो जाळ्यातून असा पार गेला की जाळं हललंसुद्धा नाही. जाळं पापलेटाचं होतं. गोल्फच्या चेंडूचा व्यास बेचाळीस पूर्णांक सदुसष्ट मिलिमीटर. एवढं पोरगेलं पापलेट दर्यावर सोडून देतात. आयुष्यभर दुसऱ्यांना मापं लिहून द्यायला लावणारी मी, स्वतः जाळं मागताना आसाचं, म्हणजे जाळ्याच्या भोकाचं, माप सांगितलं नव्हतं. कमळाबाईंकडे जरा नाराजीनेच गेले, तर त्या म्हणाल्या, “जालं मागितलंस, जालं दिलं. जाल्याला काय ठावं, पापलेट हाय का चेंडू हाय? आदी सांगाचं नाय?” मग जवळ्याचं बारीक जाळं आलं. त्यातून चेंडूच काय, हवाही जात नव्हती. पण त्याला तीस वर्षांच्या जवळ्याचा वास होता, त्यामुळे माझ्या सरावाला रोज सकाळी चार ते सहा मांजरं हजर असायची. ती ओळीने बसून बघायची आणि एकही सूचना द्यायची नाहीत. त्या काळात मला ती आदर्श प्रशिक्षक वाटली.

सात डिसेंबरला मी पहिल्यांदा तक्त्यातले सगळे कोन एकाच वेळी जमवले. खरोखर जमले होते, मामा. मोबाइलवर चित्रण आहे. गुडघा एकवीस, पाठ चौतीस, खांदा अठ्ठ्याऐंशी. एवढा कोन सांभाळायचा म्हणजे श्वास घेता येत नाही, म्हणून तो मी घेतला नव्हता. चित्रणात पुढे असं दिसतं की मी अत्यंत शास्त्रशुद्ध पद्धतीने गच्चीच्या कठड्यावर काठी मारते. चेंडू जागेवरच राहिला. काठीचं डोकं दांड्यातून सुटलं, आधी कमळाबाईंच्या बोंबलांच्या दोरीला लागलं (तिथे ते कलम ८), आणि कठड्यावरून खाली दिसेनासं झालं. मांजरं बोंबलांकडे गेली. मी कठड्याकडे गेले.

खाली रस्त्याच्या कडेला लोखंडी सळयांचा एक ट्रक उभा होता. चालक चहा पिऊन परत आला, चढला आणि निघाला. सळयांच्या भाऱ्यांवर, मधोमध, सकाळच्या उन्हात तुमच्या १९९१ च्या काठीचं डोकं चमकत होतं. मी तीन मजले घरातल्या सपातांनी उतरले. हाती लागलं ते एवढंच: नंबराचे शेवटचे दोन आकडे आणि मागच्या फळीवरची अक्षरं, ‘आईची पुण्याई’.

सळयांचा ट्रक पनवेलहून निघाला तर तो कुठे जाणार हे शोधायला तर्कशास्त्र लागत नाही. रिक्षा करून कळंबोलीच्या लोखंड बाजारात गेले. तुम्ही तो बाजार पाहिला नसेल. नजर जाईल तिथवर लोखंड आहे: पत्रे, नळ्या, गर्डर, सळयांचे डोंगर, त्यांच्यावर क्रेन. आणि मी तिथे दोनशे सत्तर ग्रॅम लोखंड शोधायला गेले होते. ‘आईची पुण्याई’ लिहिलेले ट्रक पहिल्या तासात नऊ सापडले. शेवटी एका गोदामाच्या वजनकाट्यावर जगन नावाचे गृहस्थ भेटले. पावतीपुस्तकातून मान वर न करता त्यांनी विचारलं, “बोला मॅडम, किती टन?”

“दोनशे सत्तर ग्रॅम.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग पलीकडच्या क्रेनवाल्याला हाक मारली, “ए, खाली ये जरा. मॅडम काय म्हणतात ते ऐक.” एकूण सात माणसं जमली. मी वस्तूचं वर्णन केलं, दांड्यावरून आकृती काढून दाखवली. एकाने विचारलं, नवं देऊ का, इथे लोखंडाला तोटा नाही. मी म्हटलं, नवं नको, मामांचं आहे. त्यावर कोणी हसलं नाही. जगनभाऊंनी माझा नंबर पावतीच्या मागे लिहून घेतला आणि म्हणाले, “मामाचं आहे तर शोधू.”

चौथ्या दिवशी फोन आला. डोकं त्यांच्याच गोदामात होतं. भारा उतरवताना पडलेलं कोणीतरी उचललं होतं आणि तीन दिवस ते काट्याच्या खोलीतल्या लंगड्या टेबलाच्या पायाखाली होतं. (टेबल तेवढे दिवस अजिबात डुगडुगलं नाही, असं जगनभाऊंनी मुद्दाम सांगितलं. हे तुम्हाला कळवावं असं मला वाटलं.) मी आनंदाने गेले, तर तोपर्यंत त्यांनी एक उपकार करून ठेवला होता. नुसतं डोकं परत काय द्यायचं, म्हणून बारा मिलिमीटरची बांधकामाची सळई कापून, तिला डोकं झाळून, मुठीला काळा रबरी पाइप चढवून काठी तयार! मूळच्या काठीचं वजन चारशे तीस ग्रॅम. हिचं एक किलो शंभर. स्लॅब पडला तरी ही काठी राहील. सातही जण उभे राहून माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. मी ‘छान झाली आहे’ म्हणाले. खोटं बोलणं माझ्या पेशात बसत नाही, पण ते वाक्य खरंच होतं. फक्त कशासाठी छान, हे मी सांगितलं नाही.

एवढं झाल्यावर मी प्रत्यक्ष शिकायचं ठरवलं. (तुमच्याकडे नव्हे. तो प्रस्ताव तेव्हा ‘राँग नंबर’ अवस्थेत होता.) डोंगराखाली जे गोल्फचं मैदान आहे तिथे काशिराम म्हणून एक साठीचे गृहस्थ नवशिक्यांना शिकवतात. जवळच्याच गावचे. मैदान व्हायच्या आधी तिथे त्यांच्या घरची भातखाचरं होती. चार जानेवारीला मी तक्ता घेऊन गेले. त्यांनी तो उलटा-सुलटा करून पाहिला आणि विचारलं, “कोनी शिकवला तुमाला?”

अकरा जणांनी, म्हटलं.

“मंग एकानं बी नाय शिकवला.” त्यांनी तक्त्याची घडी घालायचा प्रयत्न केला, ती होईना, म्हणून त्यावर बसले.

मामा, ते ओरडतात. तुम्ही ओरडता त्याला मी आजवर ओरडणं समजत होते. ती माझी माहितीची कमतरता. काशिरामांचा आवाज भाताच्या चार खाचरांपलीकडच्या माणसासाठी बनलेला आहे आणि मी त्यांच्यापासून दीड मीटरवर होते. पहिल्या तासात त्यांनी मला कोन, खांदा, पाठ यांपैकी काहीच सांगितलं नाही. एकच गोष्ट सांगितली, एकोणतीस वेळा: “श्वास सोडा! बाई, श्वास सोडा! आमाला पोलीस बोलवाला लावू नका!” सत्तेचाळीस व्हिडिओंपैकी एकानेही मला हे सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? त्यांच्या समोर मी नव्हते. तिसाव्या वेळी मी श्वास सोडला आणि चेंडू गेला. सरळ, उंच, अंदाजे नव्वद यार्ड. अंदाजे हा शब्द मी गेल्या पाच वर्षांत पहिल्यांदा वापरते आहे.

पुढच्या रविवारी ग्रीनवर घेऊन गेले. ग्रीन म्हणजे झेंड्याभोवतीचा तुळतुळीत गवताचा तुकडा, तुम्हाला सांगायला नको, पण मामी वाचते आहे. तिथे चेंडू हळूच ढकलायचा आणि जमिनीचा उतार ओळखायचा. मी ऑफिसातून उतारमापक नेला होता, प्रमाणपत्रासह. त्याने उतार उजवीकडे एक पूर्णांक दोन दशांश अंश दाखवला. काशिराम म्हणाले डावीकडे. मी म्हटलं, यंत्र तपासलेलं आहे, मीच सही केली आहे. ते म्हणाले, “यंतराला काय म्हाईत? हितं आमचं खाचर व्हतं. पानी कवा बी त्या बांदाकरं जायाचं.” बांध दिसत नव्हता, त्यावर कधीच गवत आलं आहे. मी चेंडू मारला. तो आधी उजवीकडे सरकला, मला क्षणभर बरं वाटलं, मग वळला आणि पावसाळ्यातल्या पाण्यासारखा निवांत डावीकडे, त्या नसलेल्या बांधापर्यंत जाऊन थांबला. माझं यंत्र खोटं नव्हतं. मी ते एकाच जागी ठेवलं होतं, इतकंच. काशिराम चेंडू उचलायला वाकले आणि नेहमीपेक्षा बारीक आवाजात म्हणाले की बापाने तो बांध दरसाल हाताने लिंपला होता. मी उतारमापक पिशवीत ठेवून दिला. अशा वेळी काय बोलायचं याचा तक्ता माझ्याकडे नाही.

आता कलम ७. पंचवीस जानेवारीला त्यांनी सगळ्या काठ्या आणायला सांगितल्या, म्हणून सळईवालीही नेली. ती पाहून ते इतके हसले की त्यांना खाली बसावं लागलं. “ही काठी हाय का पार?” जमीन खणायची पहार, असं त्यांना म्हणायचं होतं. हसण्याचा राग येऊन मी ती पूर्ण ताकदीने फिरवली. श्वास सोडून फिरवली, ही जमेची बाजू. काठी गेली, पाठोपाठ मनगट गेलं. काशिरामांनी पाण्याची बाटली ओतून रुमाल बांधला आणि बांधता बांधता डोकं कोणाचं, म्हणजे काठीचं, ते विचारलं. मी सगळं सांगितलं: १९९१, कठडा, आईची पुण्याई, लंगडं टेबल. त्यांनी रुमालाची गाठ मारली.

“मामा खेलतो?”

चाळीस वर्षं, म्हटलं.

“जिता हाय?”

आहे, म्हटलं. पुण्याला.

“मंग तुमी हितं कशाला आलाव?”

ओरडले नाहीत. तेवढं एकच वाक्य ते ओरडले नाहीत. मी मनगटाकडे बघत म्हटलं की पुणं लांब पडतं. ते म्हणाले, “कलंबोलीशी तर पुन्याची गारी सुटते,” आणि माझी पिशवी उचलून रिक्षापर्यंत पोचवायला आले.

तर असं आहे. सात नंबरच्या काठीबाबत मला तुमच्याकडून तांत्रिक मार्गदर्शन हवं आहे: मूळ दांडा मी जपून ठेवला आहे (लाल चिकटपट्टी शाबूत), सळई कापून डोकं मूळ दांड्याला पुन्हा बसवता येईल का, आणि खडकीत हे काम करणारा तुमच्या माहितीचा माणूस अजून आहे का, ते कळवावं. पत्राचा विषय तेवढाच आहे.

मामीला नमस्कार. गुडघ्याला शेक द्यावा.

तुमची भाची,
अनुया

ता. क. १. मामी, हे पत्र तू आधी उघडणार हे गृहीत आहे. वाचून झालं की पाकीट पुन्हा चिकटव, पण गोंदाने. मागच्या वेळी तू भाताने चिकटवलं होतंस आणि शीत बाहेर दिसत होतं.

ता. क. २. पत्राचा विषय तेवढाच आहे, हे वरचं विधान तपासून पाहिलं. ते बरोबर नाही. आमच्या कारखान्याचे प्रमुख उदयसिंह साहेब यांनी रविवार, २२ फेब्रुवारीला त्याच मैदानावर सामने ठेवले आहेत. जोड्यांचे. एकच चेंडू, दोघांनी आळीपाळीने मारायचा, आणि जोडीदार घरचाच माणूस हवा. बाकीच्यांनी नवरे, बायका, मुलगे लिहिले आहेत. माझं मनगट तोवर हलक्या फटक्यांपुरतं बरं होईल, लांबचे फटके दुसऱ्याला मारावे लागतील. ग्रीनवर गेल्यावर पाणी कुठे जातं ते मला माहीत आहे.

ता. क. ३. अर्ज मी भरून दिला आहे. जोडीदाराचं नाव: तुमचं. नातं: मामा. अनुभव: ‘चाळीस वर्षं, १९९१ साली १६५ यार्डांवरून एका फटक्यात.’ एकशे पासष्टच लिहिलं आहे. खाली मी सही केली आहे.

ता. क. ४. ऑगस्टमधलं माझं वाक्यही पुन्हा तपासलं. व्हिडिओ ओरडत नाही, एकच गोष्ट कितीही वेळा सांगतो, बंद करता येतो: तिन्ही विधानं खरी आहेत. दोन नोंदी मात्र मी गाळल्या होत्या. एक, स्कूटर मी त्या एकाच दिवसात शिकले होते आणि संध्याकाळी तुम्ही मागे बसून बाजारापर्यंत आलात, तेव्हा एक शब्द बोलला नाहीत. दोन, मला व्हिडिओ दिसतो, व्हिडिओला मी दिसत नाही. पंगतीत सतरा माणसं होती. या नोंदी त्या सतरा जणांना मामीने वाचून दाखवायला माझी हरकत नाही. अर्धा मोदक राहिला आहे, आणि साखर आटोक्यात असल्याचं मामीच सांगते.

ता. क. ५. जोडीदाराने स्वतः होकार कळवल्याशिवाय नाव पक्कं होत नाही. मुदत बुधवार, ११ तारखेची आहे. पत्राने, फोनने किंवा ओरडून, कसंही चालेल. मंगळवार, १० फेब्रुवारीपर्यंत उत्तर द्यावं.